गुमानगडाचं मुकं टाकं

गुमानगडावर पाण्याची अकरा टाकी आहेत. दहा टाक्यांवर वाकून हाक मारली, तर कातळातून हाक परत येते. अकरावं टाकं बालेकिल्ल्याच्या उगवतीला, साती आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांच्या, शेंदूर लावलेल्या दगडांपाशी आहे. त्यावर वाकून कितीही ओरडा, आवाज परत येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही तो ऐकू येत नाही. गडावर येणाऱ्याला कोंडिबा गुरव आधी ओरडून बघायला सांगतात. माणूस ओरडतो, सोबतच्यांना नुसतं त्याचं उघडं तोंड दिसतं. तेव्हा कोंडिबा पायरीवर बसतात आणि सांगू लागतात.

एके काळी हे टाकं गडावरचं सगळ्यात बोलकं टाकं होतं म्हणे. गडावर कुठल्याही पाण्याशेजारी, मग ती विहीर असो, पन्हाळ असो की घंगाळ, कुणी काही बोललं की तो शब्द झिरपत झिरपत इथं यायचा आणि पहाटे आसरा तो बोलून दाखवायच्या. तो ऐकू यायचा फक्त टाक्याच्या राखणदाराला. आसरांना कौल लावून त्याने विनवलं, तर चारचौघांतही टाकं बोलायचं. म्हणून गडाचे धनी रायाजीराव राखणदारालाच आपला नजरबाज, म्हणजे हेरांचा मुख्य, नेमत. त्या वेळी हे काम सिदोजीकडे होतं. तिशीच्या आतला, कमी बोलणारा माणूस.

आणि त्याच गडावर म्हाळसा नावाची माळीण राणीसाहेबांच्या वेण्या गुंफायची.

म्हाळसा मूळची पलीकडच्या खोऱ्यातली. तिथल्या देसायाचं आणि रायाजीरावांचं पिढीजात वैर. देसायाने म्हाळसाच्या धाकट्या बहिणीला, सोनाला, आपल्या वाड्यात अडकवून ठेवलं आणि म्हाळसाला गडावर पाठवलं. काम एवढंच होतं. दर मंगळवारी राणीसाहेब पायथ्याच्या देवीला जात. त्या दिवशीच्या जाईच्या वेणीत जितकी अबोलीची फुलं, तितक्या दिवसांनी रायाजीराव घाट उतरणार, असं समजायचं. देवळापाशी बांगड्या विकणारा येसू कासार ती फुलं मोजायचा. राणीसाहेब आपल्याच धन्याची खबर आपल्याच डोक्यावर मिरवीत जात होत्या, आणि लोक वेणीचं कौतुक करीत होते.

आजवर रायाजीराव भक्कम फौजेनिशी उतरत, त्यामुळे घात झाला नव्हता. पण म्हाळसाला हे काम बोचत होतं. राणीसाहेब मायाळू होत्या, केस विंचरताना तिला घरचं विचारीत. शेजारची दासी साळू तिला आपल्या ताटातलं वाढी. एकदा पन्हाळीखाली फुलं धुताना तिच्या तोंडून निघून गेलं, "सोना, तुझ्यापायी आणखी किती जणांशी खोटं वागू गं?"

दुसऱ्या दिवशी सिदोजी फुलबागेत आला. तो तसा रोजच यायचा. कधी करंडी उचलून द्यायचा, कधी नुसताच बांधावर बसायचा. दोघांचं मन एकमेकांवर जडलं होतं आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नव्हतं.

त्या दिवशी तो म्हणाला, "सोना कोण?"

म्हाळसाच्या हातातली सुई थांबली. बोलक्या टाक्याची गोष्ट तिला म्हाताऱ्यांच्या बाता वाटत आली होती. आता ती खरी असल्याचं तिला कळलं. तिने काहीच लपवलं नाही.

"मी हे धन्यांना सांगायला हवं," तो म्हणाला.

"सांगा. मी अडवणार नाही."

"दसऱ्यापर्यंत थांब. माझी दोन माणसं खोऱ्यात आहेत. ती सोनाला बाहेर काढतील. मग मीच तुला धन्यांपुढे नेईन, आणि तुझ्या शेजारी उभा राहीन."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या शेजारी उभं राहतो म्हणालं होतं. पण दसऱ्याला अजून महिना होता आणि मंगळवार दोनच दिवसांवर आला होता. येसू कासाराने निरोप धाडला होता की या खेपेला धनी थोड्या लोकांनिशी उतरणार आहेत. खबर चुकली तर सोनाचं बोट पाठवू.

मंगळवारपासून पाचव्या दिवशी रायाजीराव निघणार होते, हे तिला राणीसाहेबांच्या बोलण्यातून कळलं होतं. म्हाळसाने विचार केला. पाच फुलं घातली तर धनी मरतील. घातलीच नाहीत तर सोना. मग तिने तीन फुलं घातली. देसायाची माणसं तिसऱ्या दिवशी घाटात बसतील, कुणी येणार नाही, कंटाळून परत जातील, आणि धन्यांचा बेत आयत्या वेळी बदलला असं सांगता येईल. सिदोजीला मात्र तिने हे सांगितलं नाही. त्याच्या माथी आणखी एक गुपित कशाला, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घाटातून एकच घोडा परत आला. त्यावर स्वार नव्हता.

रायाजीरावांनी आयत्या वेळी धाकट्या भावाला, मानाजीला, घाटाची वाट तपासायला पुढे पाठवलं होतं. मानाजी गेला आणि त्याच्याबरोबरची सतरा माणसं गेली. त्यांत साळूचा नवरा होता. साळू म्हाळसाच्याच गळ्यात पडून रडली. म्हाळसा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तो हात काढून घ्यावा असं तिला वाटत होतं, पण काढून घ्यायला कारण काय सांगणार?

रायाजीरावांनी हुकूम दिला. घरभेदी गडावरच आहे. उद्या दुपारी साऱ्या दरबारादेखत सिदोजीने कौल लावावा, टाकं त्याचं नाव सांगेल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच म्हाळसा टाक्याकडे धावली. सिदोजी कमरेइतक्या पाण्यात उभा होता. ओठ हलत होते. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपड्यांतून पाणी निथळत होतं, पण पायरीवर पडताना थेंबांचा आवाज होत नव्हता.

"आता हे कुणाचंच नाव घेणार नाही," तो म्हणाला. "यावर बोललेला शब्द यापुढे कुणालाही ऐकू यायचा नाही."

"आसरांनी फुकट दिलं का हे?"

"त्यांना त्यांचा राखणदार कायमचा हवा होता. मी हो म्हणालो."

म्हाळसाने त्याचा हात धरला. "मी आत्ता जाऊन सांगते सगळं."

"सोना अजून तिकडेच आहे," तो म्हणाला. "गप्प राहा, म्हाळसा. माझ्यासाठी एवढं कर."

दुपारी दरबार भरला. सिदोजीने कौल लावला. टाकं गप्प. पुन्हा लावला, तरी गप्प. रायाजीरावांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. टाक्याचं तोंड बांधू शकेल असा माणूस गडावर एकच होता, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

"तूच का?" त्यांनी विचारलं.

"मीच," सिदोजी म्हणाला.

कडेलोटाची शिक्षा झाली. तेव्हा मात्र म्हाळसाला गप्प राहवलं नाही. ती राणीसाहेबांच्या पायांवर पडली आणि वेणी, फुलं, कासार, देसाई, सारं सांगून मोकळी झाली. येसू कासाराला आणायला स्वार गेले, पण तो कधीच पसार झाला होता. तिच्या बोलण्याला साक्ष उरली नव्हती.

राणीसाहेबांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "पोरी, तुझा त्याच्यावर जीव आहे हे साऱ्या गडाला माहीत आहे. त्याला वाचवायला तू काहीही बोलशील."

"टाक्यावर बोलते. तिथं खोटं टिकत नाही म्हणतात ना?" सिदोजीचं सकाळचं बोलणं तिला आठवत होतं, पण दुसरी वाटच उरली नव्हती.

तिला टाक्याशी नेलं. ती पाण्यावर वाकली आणि पोटातून ओरडून आपलं नाव, आपला गुन्हा, मानाजीचं नाव, सतराच्या सतरा माणसांची नावं तिने सांगितली. दरबाराला फक्त तिचे हलणारे ओठ दिसले. तिच्या स्वतःच्या कानांवरही काही आलं नाही. तिने मागे वळून सिदोजीकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.

"खोटा शब्द टाकं घेत नाही," रायाजीराव म्हणाले आणि उठले. त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, सिदोजीला उगवतीच्या कड्यावरून लोटलं. खाली त्याचं शव सापडलं नाही. आसरांनी त्याला वरच्या वर झेलून नेलं, असं सांगतात.

पुढे त्याच्या माणसांनी जिवावर उदार होऊन देसायाच्या वाड्यात शिरकाव केला. सोना तिथं होती. पण देसायाच्या पुतण्याशी तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, कडेवर मूल होतं. म्हाळसा स्वतः तिला भेटायला गेली. सोनाने तिला परसदारी बसवलं, ताक दिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अक्का, तू परत नको येऊस. इथं माझं बरं चाललंय. लोक काय म्हणतील?" आपल्या जिवावरून अक्काला कुणी धमकावलं होतं, बोट तोडायची भाषा झाली होती, यातलं सोनाला काहीच ठाऊक नव्हतं. म्हाळसानेही सांगितलं नाही.

ती गडावर परतली. कुणी तिला हाकललं नाही, कारण तिचा गुन्हा कुणी मानलाच नव्हता. साळू तिला शेवटपर्यंत आपल्या ताटातलं वाढत राहिली. रोज सकाळी म्हाळसा या पायरीवर बसायची आणि पाण्यावर वाकून बोलायची. चाळीस वर्षं बोलली म्हणे. काय बोलली ते कुणालाच ठाऊक नाही.

आजही पंचक्रोशीत लग्न ठरलं की नवरानवरी हळदीआधी इथं येतात. दोघं दोन काठांवर समोरासमोर बसतात, पाण्यावर वाकतात आणि मनात दडवलेलं एक एक सांगून टाकतात. ऐकू कुणाला काहीच येत नाही. तरी पोरी रडतात, पोरं मान खाली घालतात. मग उठून न बोलता गड उतरतात. बरोबर आलेले वऱ्हाडीही त्यांना काही विचारत नाहीत.