मिसरचा सडा

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. ग्रामसभेत सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, फलक लावायला आलेल्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "काकी, पुरावा काय?" म्हटलं, पुरावा वर सड्यावर पडलाय, चला, उचलून हातात देते. ते आले नाहीत, ऊन फार आहे म्हणाले. मग फलकावर लिहिलं, 'जुन्या काळातील दगडांच्या राशी'. एवढं तर बकरीलाही दिसतं.

तुम्ही चढून आलाच आहात, तर नीट बघा. हा बोरखाडीचा सडा, डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. खाली खाडीचं तोंड, समोर दर्या. ही झोपडीएवढी रास आहे ना, ती कैरो. तिच्या पुढची, तिच्या निम्म्याने, ती इस्कंदरी. मग एकदम लहान होत जातात: तांता, पोर्ट सैद, मनसुरा, दमिएत. आणि कड्याच्या टोकाला मांजर बसल्यासारखी दिसते, ती सुवेज. सगळी मिसर देशातली शहरं. ज्या शहरात माणसं जास्त त्याची रास मोठी, हजार माणसांना एक दगड. मोबाईलवाले पाहुणे लगेच माझी चूक काढतात. "काकी, गिझा राहिलं की! आणि सुवेज आता केवढं वाढलंय." वाढलं असेल. ही शिरगणती शंभर वर्षांपलीकडची आहे, आणि ती एका बाईने डोक्यावरून वाहिली आहे.

असे सांगतात की, आगबोटी कोळशावर चालत त्या काळात बोरखाडीच्या घराघरातला एक तरी बाप्या बोटीवर असायचा. गावाचा एक सारंग होता. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. कुणाला बोटीवर न्यायचं आणि कुणाला मागे ठेवायचं ते त्याच्या हातात. त्याने मान वळवली की त्या घरची चूल थंड. आवडा नावाच्या खारवी बाईचा नवरा राघो त्याच्याबरोबर गेला, भट्टीत कोळसा घालायला. लग्नाला दोनच वर्षं झाली होती. निघताना राघो म्हणाला, "सड्यावरून हाक मार, मी तिथून ओ देतो." थट्टेनेच म्हणाला. पुरुष असं काहीबाही बोलून जातात आणि बाई ते पदराला बांधून ठेवते.

बोट परत आली, राघो आला नाही. सारंगाने अंगणात उभ्यानेच सांगितलं, "मिसरात उतरला गो बाय, आणि गर्दीत हरवला. मोठं शहर, माणसांचा दर्या. कुठे शोधायचा?" दिलेलं पाणीही तो प्यायला नाही.

विहिरीवर बाया बोलायला लागल्या. एक म्हणाली, "आवडे, तिकडच्या बाया गोऱ्यापान असतात म्हणे. केली असेल त्याने दुसरी."

आवडा म्हणाली, "केली असेल तर तिचंही नाव सांग. दोघांना मिळून हाक मारते."

मग ती जाखाईला कौल लावायला गेली. देवीच्या मूर्तीला दोन कळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं; उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आवडाने विचारलं, माझी हाक मिसरात पोचेल का? उजवी पडली. सगळ्या देशात एकदम? डावी. वर्षाला एका शहरात? उजवी. त्याच शहरात पुन्हा मारली तर? डावी. म्हणजे वर्षाला एक हाक, आणि एका शहराला एकदाच. आवडाने तिथेच नवस बोलला की, ज्या शहरात हाक मारीन तिथल्या माणसांचं ओझं आधी डोक्यावर घेईन, आणि ओ येईपर्यंत केसांत फूल घालणार नाही.

आता सगळं येऊन ठेपलं ते एका गोष्टीवर. पहिली हाक कुठे मारायची? एक शहर चुकलं की एक वर्ष गेलं, आणि बाहेरगावी एकटा पडलेला माणूस किती वर्षं टिकणार?

गाव चावडीवर जमलं. शाळेचे पंतोजी घाटावरचे. त्यांनी दर्या लांबूनच पाहिलेला, पण त्यांच्याकडे शिरगणतीचं पुस्तक होतं. त्यांनी मिसरची सात शहरं काढून दिली, जास्त माणसांचं आधी, कमी माणसांचं शेवटी. म्हातारे म्हणाले, "बरोबर आहे. पोर जत्रेत हरवतं, परसात हरवतं का? मोठ्यापासून सुरू कर." चावडीवर अकरा खलाशी बसले होते. मुंबईहून गेलेली बोट मिसरात पहिल्यांदा सुवेजला लागते, हे त्या अकराही जणांना ठाऊक होतं. एकाने तोंड उघडलं होतं म्हणे. मग त्याने सारंगाकडे बघितलं आणि खोकल्याचं निमित्त केलं.

पहिल्या वर्षी कैरो. सहाशे चोपन्न दगड. खालच्या उतारावरचा जांभा फोडायचा, टोपलीत भरायचा आणि वर चढवायचा. माघी पौर्णिमेला पहाटे, जमिनीकडून दर्याकडे जाणारा मतलई वारा सुटला तेव्हा आवडाने सड्यावर उभं राहून हाक मारली, "राघोऽऽ!" म्हणे त्या सकाळी कैरोच्या बाजारात पाणी विकणारे जागीच थांबले, भाकरी भाजणाऱ्या बायांनी वर बघितलं, उंट खाली बसले. लाखो माणसांनी हाक ऐकली, पण ती त्यांच्यातल्या कुणाचीच नव्हती. दुपारी दर्याकडून खारा वारा फिरला. आवडा त्याच्याकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत उभी राहिली. ओठांवर मीठ आलं, बाकी काही नाही.

दुसऱ्या वर्षी इस्कंदरी, तीनशे बत्तीस दगड. मग तांता. मग पोर्ट सैद. राशी लहान होत गेल्या, आवडाही होत गेली. तिच्या माथ्यावरचे केस टोपलीने झिजले. भाऊ न्यायला आला, म्हणाला, "चल गो घरी. तो मेला असंच धर." ती म्हणाली, "तू जेवून जा." एवढंच. मनसुराच्या वर्षी बघायला चार माणसं आली होती. दमिएतच्या वर्षी कुणीच नाही. घरात ती दोन पानं वाढायची आणि एक झाकून ठेवायची. शेजारणीने विचारलं तर म्हणायची, "आज बोट लागली तर?"

सातव्या वर्षी सुवेज. अठरा दगड, दोन टोपल्या. सकाळचं काम. हाक मारताना तिचा आवाज बसलेला होता, असं सांगतात.

दुपारी खारा वारा आला आणि त्यात राघोचा आवाज आला.

"आवडेऽऽ! मी इथे आहे गो! पहिल्याच बंदरात!" खणखणीत, जवान आवाज. खाली खाडीत कालवं काढणाऱ्या बाया चिखलातून उठून उभ्या राहिल्या. आवडा हसली म्हणे, आणि पळत कड्याच्या टोकाशी गेली. मग दुसरी हाक आली. मग तिसरी. त्या आजच्या हाका नव्हत्या. त्याने इतकी वर्षं पलीकडून मारलेल्या हाका होत्या, दर्याने अडकवून ठेवलेल्या. आवडाची हाक सुवेजला पोचली तेव्हा त्या सुटल्या आणि एकामागून एक आल्या. आवाज हळूहळू जड होत गेला, खोकला मिसळत गेला. शेवटची अगदी बारीक होती. "आवडे, एकदा तरी हाक मार गो."

त्याच्यानंतर नुसता वारा.

त्या हंगामात पलीकडच्या गावचा एक खलाशी खबर घेऊन आला. राघोला तापाने धरलं होतं. त्याला सुवेजला शिडीवरून खाली उतरवलं. उतरवणाऱ्याने त्याच्या डोक्याखाली घोंगडी सारली आणि म्हणाला, "घरी कळवतो." वर जाऊन कप्तानाला मात्र सांगितलं की माणूस पळाला. आजारी माणूस मागे टाकला तर सारंगाला जबाब द्यावा लागतो, पळालेल्याचा जबाब कुणी मागत नाही. राघो त्या तापातून उठला. पण पळालेला म्हणून नोंद, हातात कागद नाही, कुठली बोट घेणार? तो धक्क्यावर कोळसा वाहायचा आणि मुंबईकडे तोंड असलेल्या प्रत्येक बोटीला ओरडून विचारायचा, "बोरखाडीचं कुणी आहे का?" पाचव्या वर्षी तो गेला. तेव्हा आवडा मनसुराचे दगड वाहत होती.

गावाने काय केलं? आधी पंतोजींना धरलं. त्या भल्या माणसाने रडत पुस्तक खाडीत टाकलं आणि चालत घाट चढून गेला. पुस्तकाची काय चूक होती? त्यातली माणसं बरोबर मोजलेली होती. मग आवडाला धरलं. म्हणे शहाणी बाई असती तर जवळच्या बंदरापासून सुरुवात केली असती. अजूनही तिची गोष्ट सांगताना म्हातारे मान हलवतात, "अडाणी बिचारी." सारंगाचं नाव घेत नाहीत. 'कुणी एक सारंग' म्हणतात. आवडा म्हातारी होऊन मेली, आणि मरेपर्यंत गावातल्या पोरींना एकच सांगत राहिली: हाक लहानापासून मारा.

म्हणून आजही माघी पौर्णिमेला जिचं माणूस बाहेर आहे, बोटीवर, आखातात नाहीतर पुण्याला, ती बाई पहाटे इथे येते. सुवेजपासून सुरू करते आणि शहरागणिक आपल्या माणसाचं नाव घेत कैरोला संपवते. बोरखाडीत बकरी हरवली तरी आधी सगळ्यात लहान गोठा बघतात. आमची पोरं शाळेत मोठी शहरं शेवटून म्हणतात आणि नवे मास्तर कपाळाला हात लावतात.

कैरोची हाक झाली की सगळ्यांत थोरली बाई दर्याकडे तोंड करून विचारते, "चुकलं कुणाचं?" आणि सगळ्या बाया एका आवाजात म्हणतात, "दर्याचं." दर्याने तर राघोच्या हाका जपून ठेवल्या होत्या! मी त्याच सारंगाच्या घरात सून म्हणून आले. सत्तावीस वर्षं त्या घराचं कुंकू लावते, त्याच्या तसबिरीला हार मीच घालते, आणि घरातल्या बायकांच्या तोंडून दाराआड जे ऐकलं ते ऐकलं. माघारी सासू म्हणते, घराण्याची अब्रू घालवलीस. घालवली. दर वर्षी बाया 'दर्याचं' म्हणून गप्प झाल्या की मी एकटी, खाली गावात ऐकू जाईल असं म्हणते:

हरबा राणोजी सारंगाचं.