घाटाच्या नाक्यावरची सूट

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते मला विचारू नका, मोजायला मी तिथे नव्हतो.

डोंगराच्या कुशीत तीन राज्यं होती. एकात पानमळे, दुसऱ्यात ज्वारी, तिसऱ्यात मेंढरं आणि लोकरीची घोंगडी. प्रत्येक वेशीवर नाका, आणि नाक्यावर खोळंबून विड्याची पानं सुकायची. शेवटी तिन्ही राजे एकत्र बसले. आपापसातले नाके त्यांनी मोडले. बाहेरून येणाऱ्या मालावर मात्र तिघांची जकात एकच ठेवली, चार नगांत एक नग. माल कुठूनही आत येवो, तिथला शिक्का तिन्ही राज्यांत चालेल आणि जकातीचे तीन सारखे वाटे होतील, असं ठरलं. बरी चालली होती ही व्यवस्था.

पानमळ्यांच्या राज्यातला घाटाचा नाका भिवबा सांभाळायचा. माणूस कष्टाळू, पण आपल्या राजाचं भलं म्हटलं की पुढचं त्याला दिसायचंच नाही. एक दिवस परमुलखातला व्यापारी बैलांवर घोंगडी लादून आला.

"नाकेदार, दहात एक घ्या. पुढचे सगळे तांडे तुमच्याच घाटाने आणतो," तो म्हणाला.

भिवबाने विचार केला. तांडे आले की मुक्काम इथे, चारा इथला, चार घरं पोटाला लागतील. शिवाय आपल्या राज्यात घोंगडी विणतंय कोण? आपलं काय जातंय! त्याने दहात एक घेतलं आणि शिक्का मारला.

झालं. घाट गजबजला. राजाने खूश होऊन भिवबाला शेला दिला. खरी गोष्ट राजालाही ठाऊक नव्हती.

ती घोंगडी मात्र पानमळ्यात कशाला थांबतील? ती थेट मेंढरांच्या राज्यातल्या बाजारात जाऊन पडली, आणि तिथल्या मागाचा माल पडून राहिला. एवढं स्वस्त कसं परवडतं, हे कुणाला कळेना. कुणीतरी खोटे शिक्के मारतंय, अशी बोलवा उठली. मग तिथल्या राजाने वेशीवर पुन्हा नाका बसवला. शिक्का असो वा नसो, प्रत्येक ओझं सोडून बघायचं. पानांच्या करंड्या तिथे चार-चार दिवस अडकल्या, पानं काळी पडली, आणि मळेवाले कपाळाला हात लावून बसले.

त्यांच्या वतीने मेंढरांच्या राजाकडे रदबदली करायला भिवबाच निघाला. वाटेत, त्याच राज्यात, लेकीचं गाव लागत होतं. सगुणा तिथल्या विणकराच्या घरी दिलेली. तिने पाणी दिलं. भिवबाने पडवीत पाहिलं, तर मागाची जागा रिकामी होती.

"माग कुठे गेला गं?"

"विकला, आबा. घोंगडी खपेनात. दोन महिने आम्ही भाव पाडून पाहिला. शेवटी हे दुसऱ्याची मेंढरं राखायला गेले."

"मग राजाकडे दाद का नाही मागितली?"

"गावचे सगळे विणकर जाणार होते. पण मामंजींनी अडवलं. त्या घोंगड्यांवर तुमचा शिक्का त्यांनी ओळखला. म्हणाले, शिक्का खोटा नाही, आणि आमचे व्याही लबाडी करणारे नाहीत. जकात पुरती घेतली असणार, आपणच महाग विणतो."

भिवबाने पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. बाहेर म्हातारे व्याही त्याची पिशवी आत आणायला हातात घेऊन उभे होते. त्यांच्याकडे बघायची त्याला लाज वाटली.

मग त्याने एकेक करून तिन्ही राजांपुढे जाऊन सगळं सांगितलं. त्याची नाकेदारी गेली. घाटाच्या नाक्यावर तिन्ही राज्यांची माणसं एकत्र बसू लागली, मधला नाका उठला, आणि पानं पुन्हा ताजी पोहोचू लागली.

सगुणाचा माग मात्र विकत घेणाऱ्याने केव्हाच तोडून सरपणाला लावला होता.

तात्पर्य: सर्वांनी मिळून राखायच्या दारात आपल्यापुरती सूट दिली, की आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याचंच घर आधी बसतं.