तालमीतला कांदा

ह्या गोष्टीचा शेवट आधीच वळखून दाखवा बरं! न्हाई जमायचं. मल्हारीला बी जमला न्हवता, अन् त्यो तर गोष्टीतच हुता.

एका गावात हुता एक पैलवान गडी, मल्हारी. अंगानं रेड्यावाणी, मनानं लोण्यावाणी. तालमीची तांबडी माती म्हंजे त्याचा जीव. रोज हजार बैठका मारायचा. शंभर झाल्या की एक चिंचोका बाजूला सारायचा, आकडा चुकायला नगं म्हणून.

तालमीची किल्ली कुणाकडं ऱ्हायची, ते गाव दरसाल ठरवायचं. किल्ली मागणाऱ्यानं म्होरं मडकं घेऊन देवळात बसायचं. अठराच्या वरच्या बाया-बाप्यांनी हव्या त्या मडक्यात एकेक चिंचोका टाकायचा. त्या साली एका मडक्यामागं बसलं भाऊ वस्ताद, मल्हारीला कुस्ती शिकवणारं. दुसऱ्यामागं गुलाबराव. त्यांना तालमीत कांदा साठवायचा हुता. तसं त्यांनी उघड सांगितलं बी हुतं.

त्या दिशी सकाळीच वस्तादांनी तालमीत निरोप धाडला, "चिंचोका टाकाया देवळात या." मल्हारी हसला. "म्हाताऱ्यांचा खेळ हाय त्यो. माझ्या एका चिंचोक्यानं काय व्हतंय?"

बाकीची सतरा पोरं म्हणाली, "व्हय की!" अन् समदी बैठका मारत ऱ्हायली. मल्हारीचा चिंचोका बैठकांच्या मोजणीत गेला.

सांजेला मडकी उपडी केली. गुलाबरावांचं पाच चिंचोकं जास्ती भरलं.

मल्हारी धावत आला. "वस्ताद, हे असं कसं झालं?"

"लेका, हजार बैठका मारतोस. कधी म्हणलास का, एका बैठकीनं काय व्हतंय?"

मल्हारीची मान खाली गेली. वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माझं बी चुकलंच. निरोप धाडला, सवता आलो न्हाई तुमच्याकडं."

गुलाबराव काय वाईट न्हवतं. म्हणालं, "खेळा की पोरांनो! पोती भाईर काढा, खेळून झालं की परत आत लावा."

मग काय! रोज साठ पोती भाईर, साठ आत. बैठकांना दम ऱ्हायचा कुणाला? जत्रंत पहिल्याच डावाला मल्हारी चितपट. कुणी इचारलं, "डोळं का रं लाल?" तर म्हणायचा, "कांद्यानं."

तात्पर्य: एका मतानं काय व्हतंय म्हणून जो जवान गडी निवडणुकीला जात न्हाई, त्याला वरीसभर दुसऱ्याचा कांदा उचलावा लागतो.