झुडपामागचा वाघ

"बकरी मरता कामा नये!" राजा रायभान गरजला.

"नाही मरणार, महाराज," धाकू चित्रकथी हात जोडून म्हणाला. "तिला पळून जाऊ देतो. वाघ राहील उपाशी."

हे ऐकताच राजाच्या मांडीवरच्या बाळराजांनी पुन्हा भोकाड पसरलं. "वाघाला भूक लागलीऽऽ! त्याला उपाशी नाही ठेवायचं!" हातातला पाण्याचा पेला त्यांनी भिरकावला, तो नेमका धाकूच्या चित्रांवर!

धाकू गावोगाव हिंडून चित्रांची पोथी दाखवायचा. पोथी म्हणायची एवढंच. ती शिवलेली नव्हती. सुटी सुटी चित्रं बासनात बांधलेली असायची. एकेक चित्र उभं धरायचं आणि गाऊन, बोलून गोष्ट सांगायची. आजची गोष्ट त्याच्या आज्यापासून चालत आलेली. बकरी चरते, वाघ झुडपामागे दबा धरतो, बकरी पळते, वाघ तिच्या पाठीवर पंजा टाकतो आणि शेवटी झाडाखाली ढेरी वर करून झोपतो. आजवर कुणी तक्रार केली नव्हती. पण बाळराजांना बकरीही आवडली आणि वाघही. आता करायचं काय?

"महाराज, वाघापुढे थोडा भात रंगवतो," धाकू चाचरत म्हणाला.

"खबरदार! इतकी जुनी चित्रं! रंगाचा ठिपका वाढता कामा नये, रेघ पुसता कामा नये. एकही चित्र गाळायचं नाही. बकरी जगली पाहिजे आणि वाघाचं पोटही भरलेलं पाहिजे! उद्या दुपारी गोष्ट सांग. बाळराजे रडले, तर पोथी माझ्या कोठारात कुलपात जाईल. कायमची!"

राजा हट्टी होता. आणि हट्टी माणसाच्या मांडीवर हट्टी मूल बसलं, की शहाण्यानं तिथून निघावं. धाकू निघाला.

सकाळी त्याची मुलगी बकुळा अंगणात ओली चित्रं वाळवत होती. धाकू उंबऱ्यावर कपाळ धरून बसला होता.

"पोथी गेली तर खायचं काय, बकुळे? मला दुसरं काही येत नाही."

"बाबा, जाऊन मासे धरा."

"मला मासे घाबरत नाहीत गं!"

बकुळा हसली. ऊन चढलं, तशी तिनं वाळलेली चित्रं उचलून एकावर एक ठेवली. धाकूनं पाहिलं आणि तो ओरडला, "अगं, काय केलंस! क्रम चुकला! ढेरीवाला वाघ सगळ्यांत वर आला!"

बकुळेनं वरचं चित्र पाहिलं. खालचं पाहिलं. त्याच्याही खालचं पाहिलं.

"बाबा, चुकला तर चुकू दे. आज गोष्ट मी सांगते."

दुपारी दरबार भरला. बाळराजे आधीच ओठ काढून बसले होते. बकुळेनं बासन सोडलं आणि पहिलं चित्र उभं धरलं. झाडाखाली वाघ, ढेरी वर!

"एक होता वाघ. पोटभर जेवला आणि झोपला. घुर्रर्र... घुर्रर्र!"

"ढेरी बघा!" बाळराजे म्हणाले.

दुसरं चित्र. बकरीच्या पाठीवर वाघाचा पंजा!

धाकूनं डोळे मिटून घेतले.

"वाघ उठला," बकुळा म्हणाली, "आणि आपल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, 'काय गं शेरडे, पळायची शर्यत लावतेस?' बकरी म्हणाली, 'लावते की! पण एवढी ढेरी घेऊन पळशील कसा?'"

बाळराजे खुदकन हसले. तिसरं चित्र आलं. पुढे बकरी, मागे वाघ!

"जिंकलं कोण?"

"बकरीऽऽ!"

चौथं चित्र. झुडपामागे वाघ, जीभ बाहेर!

"हरल्यावर वाघ म्हणाला, 'आता लपंडाव! राज्य तुझ्यावर!' आणि झुडपामागे बसून वेडावून दाखवू लागला." मग तिनं शेवटचं चित्र धरलं. त्यात बकरी आपल्या पिल्लाबरोबर चरत होती. "बकरीनं शोधलं, शोधलं, आणि दमून घरी आली. पिल्लाला म्हणाली, 'वाघोबा काही सापडेना बाई! कुठं बरं बसला असेल?'"

"झुडपामागे!" बाळराजे उभे राहून किंचाळले. "अगं, झुडपामागे! पुन्हा सांग! पुन्हा!"

धाकूनं एक डोळा उघडला.

"थांबा!" राजानं हात वर केला. हट्ट इतक्या सहज सुटता, तर तो हट्ट कसला? "रेघ वाढली नाही. चित्र गळलं नाही. बकरी जिवंत. सगळं मान्य! पण पोरी, वाघाची ढेरी भरली कशानं? त्यानं आधी खाल्लं काय? दुसरी एखादी बकरी तर नाही ना?"

झालं! बाळराजांचा खालचा ओठ पुन्हा बाहेर आला, थरथरू लागला. कोठाराच्या किल्ल्या घेऊन उभा असलेला शिपाई एक पाऊल पुढे सरकला.

बकुळेनं शांतपणे चित्रं जुळवली.

"महाराज, पोथी सुटायच्या आधी कोण काय जेवून आलं, हे विचारायची आमच्यात रीत नाही. आपण गोष्टीला येऊन बसलात, तेव्हापासून आपल्या मिशीला श्रीखंड लागलंय. मी काही विचारलं का?"

राजाचा हात झटकन मिशीकडे गेला. बोट पिवळं झालं!

"आबासाहेबांच्या मिशीला श्रीखंड!" बाळराजे टाळ्या पिटू लागले. "वाघानं पण श्रीखंडच खाल्लं! म्हणून झोपला! आबासाहेबसुद्धा खाऊन झोपतात, घुर्रर्र!"

दरबारानं तोंडावर उपरणी धरली. राजानं डोळे वटारले, मिशी पुसली, पुन्हा डोळे वटारायचा प्रयत्न केला. पण पोटातून हसू असं उसळलं, की सिंहासन करकरलं.

"हरलो गं पोरी, हरलो!" डोळे पुसत तो म्हणाला. "धाकू, तुझी पोथी घेऊन जा. तिला रेशमी बासन आमच्याकडून. आणि या मुलीच्या हातात माझं सोन्याचं कडं घाला!"

"आणि श्रीखंड!" बाळराजे ओरडले.

"आणि श्रीखंडाचं अख्खं पातेलं," राजा म्हणाला, "माझ्या मिशीपासून लांब ठेवून द्या!"