ताईचं ठिपक्यांचं बी

"ताई कुठे गेली?"

टिल्लू उंदराने विचारलं.

बेडूकमामा म्हणाला, "आज काय उकडतंय, नाही?"

कोंबडीआत्या म्हणाली, "जेवलास का रे?"

शेळीआजी म्हणाली, "मोठा झालास की कळेल."

टिल्लू जरासा मोठा झाला. तरी काही कळलं नाही.

ताईचं बीळ रिकामं होतं. गवताची गादी गार होती.

ताई परसात घेवडा लावायची. तिच्या घेवड्याचं बी लाल लाल. त्यावर पांढरे ठिपके. असं बी दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. म्हणून ताई सगळ्यांना वाटायची.

"घ्या! लावा! पोटभर खा! पण एक शेंग वेलावर वाळू द्या. बियाण्याला हवी."

वाळकी शेंग छान वाजायची. खुळखुळ, खुळखुळ. ताई ती हळूहळू हलवायची. टिल्लू ऐकता ऐकता झोपायचा.

सगळ्यांनी घेवडा लावला. सगळ्यांनी घेवडा खाल्ला.

आणि एक शेंग वाळू दिली?

छे!

"कोवळी होती रे," मामा म्हणाला.

"मीही खाल्ली," आत्या म्हणाली. "कोणीतरी ठेवली असेलच की!"

"मी तर वेलासकट खाल्ला!" आजी म्हणाली.

सगळे किती हुशार! सगळ्यांना वाटलं, कोणीतरी ठेवेल.

ताईच्या गादीखाली एक बी होतं. एकच. लाल लाल, ठिपक्याठिपक्यांचं.

टिल्लूने ते उचललं. छातीशी धरलं.

"लावतो! आत्ताच्या आत्ता लावतो!"

तो पळत सुटला. तुरुतुरु, तुरुतुरु. खाली बघितलंच नाही. ठेच लागली. बी हातातून सुटलं. गडगड, गडगड, गडगड... थेट बेडूकमामाच्या पोटाखाली!

"मामा, मामा, ऊठ ना! तुझ्याखाली ताईचं बी आहे!"

मामाने एक डोळा उघडला.

"ताईचं? गुणाची हो, गुणाची! पण मी नाही उठणार. इथे गार गार आहे. बाहेर ऊन आहे. कोंबडीआत्या सावलीला पंख उघडेल, तर उठेन."

"वा वा! केवढे हे कष्ट!" टिल्लू म्हणाला.

आणि पळाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

कोंबडीआत्या धुळीत बसली होती.

"आत्या, आत्या, पंख उघड ना!
मामा उठेना,
ताईचं बी मिळेना!"

"ताईचं? गुणाची हो, गुणाची! पण मी नाही पंख उघडणार. घसा कोरडा पडलाय माझा. झारीमावशी पाणी सांडेल, तर उघडेन."

"वा वा! केवढे हे कष्ट!" टिल्लू म्हणाला.

आणि पळाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

झारीमावशी काठोकाठ भरली होती. पोट पुढे काढून बसली होती.

"मावशी, मावशी, पाणी सांड ना!
आत्या पंख उघडेना,
मामा उठेना,
ताईचं बी मिळेना!"

"ताईचं? गुणाची हो, गुणाची! तिच्या वेलाला मीच पाणी घालायचे! पण मी नाही सांडणार. आपणहून कुणी सांडतं का? शेळीआजी धडक देईल, तर सांडेन."

"वा वा! केवढे हे कष्ट!" टिल्लू म्हणाला.

आणि पळाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेळीआजी रवंथ करत होती. तिच्या तोंडाला विश्रांतीच नव्हती. बाकी सगळ्याला होती.

"आजी, आजी, धडक दे ना!
झारी सांडेना,
आत्या पंख उघडेना,
मामा उठेना,
ताईचं बी मिळेना!"

"ताईचं? गुणाची हो, गुणाची! तिच्या वेलाची चव अजून जिभेवर आहे! पण मी नाही धडक देणार. मला बांधलंय. दोरीकाकू सुटेल, तर देईन."

"वा वा! केवढे हे कष्ट!" टिल्लू म्हणाला.

आणि पळाला. तुरुतुरु, तुरुतुरु. दोरी जवळच होती. तरी पळाला.

"काकू, काकू, सूट ना!
आजी धडकेना,
झारी सांडेना,
आत्या पंख उघडेना,
मामा उठेना,
ताईचं बी मिळेना!"

"ताईचं? गुणाची हो, गुणाची! पण मी नाही सुटणार. माझी गाठ फार घट्ट. मला कोणीतरी कुरतडेल, तर सुटेन."

"कोणीतरी म्हणजे कोण?"

"आता ते मी कसं सांगू? कोणीतरी!"

टिल्लूने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मागे वळून पाहिलं.

कोणीतरी कुठेच नव्हतं.

टिल्लूने आजवर काहीच कुरतडलं नव्हतं. टणक दाणा ताई फोडायची. टणक टणक साल ताईला. मऊ मऊ गर टिल्लूला.

टिल्लूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दोरी सुटेना,
आजी धडकेना,
झारी सांडेना,
आत्या पंख उघडेना,
मामा उठेना,
ताईचं बी..."

पुढचं म्हणवेना. त्याला राग आला. खूप खूप राग आला. रागारागाने त्याने दोरीला दात लावले.

कुरकुर, कुरकुर.

"शी! थू थू!"

कुरकुर, कुरकुर, कुरकुर.

टर्रर्र!

दोरी सुटली!

दोरी सुटली, आजी धडकली. धाड!

आजी धडकली, झारी सांडली. भळाभळा!

झारी सांडली, आत्या प्यायली. गटगट! आत्याने पंख उघडले. फडफड!

पंख उघडले, मामा उठला. डुबुक!

आणि ताईचं बी मिळालं!

बी ओलं झालं होतं. फुगलं होतं. त्यातून पांढरा पांढरा कोंब डोकावत होता. इवलासा.

"बघ, मी उबवलं!" मामा म्हणाला.

"माझ्या सावलीत!" आत्या म्हणाली.

"माझ्या पाण्याने!" मावशी म्हणाली.

"माझ्या धडकेने!" आजी म्हणाली.

"मी सुटले म्हणून!" काकू म्हणाली.

टिल्लूने तोंडातला दोरीचा धागा काढला.

"वा वा!" तो म्हणाला. "केवढे हे कष्ट!"

आत्याने मान लांब केली. "कोंब कोवळा दिसतोय, नाही?"

टिल्लू पटकन बियावर वाकला. "आत्या!"

"अरे, नुसतं म्हटलं!"

टिल्लूने बी लावलं. ताईच्या बिळाच्या दाराशी. वेल चढला. सरसर, सरसर. फुलं आली. शेंगा आल्या.

शेंगा आल्या तसे सगळे आले. हाक मारावी लागली नाही.

"ताईचा घेवडा! गुणाची हो, गुणाची!"

टिल्लू वेलापुढे बसला. "आज नाही. वाळू देत."

शेंगा वाळल्या. खुळखुळ, खुळखुळ. टिल्लूने त्या सोलल्या. पट पट पट! लाल लाल बिया. पांढरे पांढरे ठिपके.

"घ्या! लावा! पोटभर खा! पण एक शेंग वेलावर वाळू कोण देणार?"

"कोणीतरी देईल की!" सगळे म्हणाले.

टिल्लूने दात दाखवले. "कोण?"

"मी," मामा म्हणाला.

"मी," आत्या म्हणाली.

"पाणी मी घालीन," मावशी म्हणाली.

"वेल मी धरीन," काकू म्हणाली.

"आजी?"

आजीने रवंथ थांबवला. पहिल्यांदाच.

"मीसुद्धा," ती म्हणाली. "वेल नाही खाणार. पानं थोडी चालतील ना?"

"आजी!"

"बरं बाबा, नाही खाणार!"

टिल्लूने सगळ्यांना बिया दिल्या. सगळे घरी गेले.

एक शेंग टिल्लूने सोलली नव्हती.

ती घेऊन तो ताईच्या बिळात गेला. गवताची गादी झटकली. नीट पसरली. उशाशी बसला.

आणि शेंग हलवली. हळूहळू. ताई हलवायची तशी.

खुळखुळ.

खुळखुळ.