पाच शेंड्यांची शिक्षा

फार पूर्वी एका नगरात शूरदत्त नावाचा राजा राज्य करत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथल्या तुरुंगाचा अधिकारी होता. हो, तुरुंगाचा. तुम्हाला वाटलं असेल हरीण असेल, हत्ती असेल, पण त्या जन्मी तुरुंग. आणि तुरुंगही कसला, तर कैदी मडकी घडवतायत, लाडू वळतायत, दुपारी गाणी म्हणतायत. बोधिसत्त्वाचं म्हणणं एवढंच, की आत आलेला माणूस बाहेर जाताना काहीतरी काम शिकून गेला पाहिजे.

पण एक घोळ होता. तिथे पद्धत अशी, की सुटणाऱ्या चोराचं डोकं भादरून वर पाच शेंड्या ठेवायच्या. दर पौर्णिमेला चौकीवर जाऊन परत भादरून घ्यायचं, वर्षभर. का, तर लोकांनी सावध राहावं. लोक इतके सावध राहायचे की त्याला कुणी कामच द्यायचं नाही. मग पोट जाळायला परत चोरी, परत तुरुंग. आणि तिसऱ्यांदा सापडला की हात तोडायचे.

गोमिल नावाचा एक कैदी दुसऱ्यांदा सुटणार होता. गुन्हा काय, तर गुळाच्या ढेपा पळवल्या. आत राहून लाडू मात्र फार सुरेख वळायला लागला होता. न्हावी वस्तरा घेऊन आला तसा तो रडायलाच लागला.

"मालक, मला आतच ठेवा. ह्या डोक्यानं बाहेर गेलो तर भुकेपायी परत चोरी करीन, आणि मग हा हात जाईल."

ही पद्धत बंद करा म्हणून बोधिसत्त्वाने राजाला आधीही विनवलं होतं. राजा म्हणाला होता, आजोबांपासून चालत आलंय, राहू दे. आता बोधिसत्त्व पागोटं काढून न्हाव्यापुढे मांडी घालून बसला आणि म्हणाला, आधी माझं कर. न्हावी इतका गडबडला की मधली शेंडी वाकडी आली.

तसाच तो दरबारात गेला. राजा बघतच राहिला.

"काय रे, कुणाकडे चोरी केलीस?"

"कुणाकडेच नाही, महाराज. गोमिलची शिक्षा भोगून झाली, तरी ती त्याच्या डोक्यावरून उतरत नाही. म्हटलं, थोडी माझ्याही डोक्यावर असू दे."

राजाला रागवायचं होतं, पण हसूच आवरेना. त्याने बोधिसत्त्वाला नेहमीसारखं शेजारी बसवून घेतलं. आणि इथेच दरबारी फसले. त्यांची खोडच होती, राजाच्या शेजारी बसणाऱ्याकडे जे असेल ते आपल्याकडेही हवं. ही मर्जीची नवी खूण दिसते असं ठरवून सगळे न्हाव्याकडे धावले. मग त्यांची पोरं, मग बाजारातली पोरं. काहींनी तर मधली शेंडी मुद्दाम वाकडी ठेवून घेतली.

गोमिल सुलोम हलवायाच्या दुकानात गेला तेव्हा हलवाई आपल्या लेकाच्या पाच शेंड्यांकडे बघत कपाळ बडवत होता. गोमिलने लपवलं नाही. मी तुरुंगातून आलोय, लाडू वळता येतात, म्हणाला. हलवायाने एकदा त्याच्या डोक्याकडे बघितलं, एकदा लेकाच्या.

"हा असलं डोकं घेऊन गल्ल्यावर बसतो, तर तू चुलीपाशी का नाही बसणार? ये, वळून दाखव."

पौर्णिमेला शिपायांनी सेनापतीच्या जावयालाच चोर समजून चौकीवर धरून नेलं. तेव्हा राजाने पोट धरून हसत हसत ती पद्धत मोडीत काढली. गोमिलचा हात राहिला आणि जन्मभर लाडू वळत राहिला.

एवढं सांगून भगवान बुद्ध विहारातल्या भिक्खूंना म्हणाले, "तुरुंगातून आलेला म्हणून ज्या नव्या भिक्खूला तुम्ही आज पंगतीतून उठवलंत ना, तोच तेव्हाचा गोमिल. राजा म्हणजे तुमचे हे वृद्ध स्थविर. आणि डोकी भादरून घ्यायला धावलेले दरबारी?"

भिक्खूंचे हात आपोआप आपापल्या तुळतुळीत डोक्यांवर गेले. भगवंत हसले.

"तुरुंगाधिकारी मी होतो. आणि तेव्हा मी जे केलं, त्याला करुणा म्हणतात. जा, त्याला पंगतीत बोलवा."