वेशीवरचा भाकरतुकडा

एका राज्यात, जिथं झाडंसुद्धा राजाला विचारून पालवत, देवतळी नावाचं गाव होतं. गावानं एका मांत्रिकाला दारातून हाकललं. त्यानं राखेची फौज सोडली. माणसं जीव मुठीत धरून शेजारच्या मुलखात पळाली. पुढं फौज वाऱ्यावर उडाली, पण शाप उरला: पळून गेलेला वेशीतून आत आला, की दगड.

गावचा कारभारी म्हाळोजी परमुलखातच पिकला. तिथला प्रधान दर सणाला येई.

"तिकडं आता शांत आहे. परत जा."

"प्रधानजी, पाहून आलात?"

"कळलंय आम्हांला."

"मग तुमचा पाय आधी, आमचा मागनं."

प्रधान गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही.

देवतळीच्या वेशीवर एक साळुंकी बसे. तिला माणसाची भाषा येई. त्यात नवल ते काय! म्हाळोजीनं तिला विचारलं, "बाई, सुखरूप घरी कसं जावं?"

"लांबून आलेल्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तेव्हा इडापिडा बाहेर राहते. तुमच्यावरून कोण ओवाळणार? गावच्या शिवारातला जोंधळा आण. गावच्या नदीचं पाणी आण. आणि ओवाळणारा हात आतला हवा, कधी न पळालेला."

शिवारात राखेचा वाघ होता. म्हाळोजीनं सूप हलवलं, वाघ उडाला. नदीतल्या मगरीनं पाण्याचं मोल मागितलं. त्यानं आपली सावली दिली. तिसऱ्याला मात्र त्याची जीभ उचलेना.

आत त्याची थोरली बहीण बायजा राहिली होती. पळायच्या दिवशी ती उंबरा सोडीना. "मर मग इथंच," म्हणून तो निघाला. पुढं ती मेलीच असं त्यानं धरलं. तेच सोयीचं होतं. वेशीवरून एक हाक मारायला काय पडत होतं? पण नाही मारली.

आता मारली. "आक्काऽ!"

"कोण बोंबलतंय? आंधळी झालेय, बहिरी नाही." म्हातारी चाचपडत आली.

पीठपाणी आत सरकवलं. तिनं तिथंच भाकरी थापली, वेशीबाहेर जमलेल्या एकेकावरून तुकडा ओवाळून भिरकावला. माणसं आत गेली. कुणी दगड झालं नाही. आधी परतून दगड झालेलेही आळोखेपिळोखे देत उठले. चुली पेटल्या. राजाचा माणूस शेतसारा मागायलाही आला, म्हणजे सगळं रीतसर झालं.

म्हाळोजी तोवर बाहेरच. शेवटी पुढं झाला. बायजानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"हा म्हातारा कोण?"

"मी, आक्का. म्हाळू."

"खोटं बोलू नको बाबा. माझा म्हाळू तरणा आहे. रागानं गेलाय, यायचाय अजून."

तिनं त्याच्यावरूनही तुकडा ओवाळला, वाटसरूवरून ओवाळावा तसा. मग उरलेली भाकरी पदराखाली झाकून वेशीकडं तोंड करून बसली.